थायरॉईड चाचपताना बोटांखाली काहीच का लागत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, सर्जरीची प्रॅक्टिकल तोंडावर आली आहे. पेशंटच्या मागे उभं राहून गळ्यावर बोटं ठेवली की एक तर काहीच लागत नाही, नाही तर प्रत्येकाच्याच गळ्यात गाठ असल्यासारखं वाटतं. आवंढा गिळायला सांगितला की सगळंच वर जातं, मग त्यात थायरॉईड कुठली आणि बाकीचं काय, हे ओळखायचं कसं? आणि पुस्तकात इतक्या जणांच्या नावाच्या चाचण्या आहेत, त्यातल्या खरोखर करायच्या किती?

तुमच्या पहिल्या दोन तक्रारी उलटसुलट दिसतात, पण मूळ एकच आहे. बोटं बहुतेक वेळा एक ते दीड इंच वर ठेवली जातात, थेट स्वरयंत्रावर. तिथे कडक कूर्चा हाताला लागते, ती गिळताना वर जाते, आणि शिकाऊ हाताला ती 'गाठ' वाटते. खरी ग्रंथी खाली, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगून बसलेली असते आणि तिच्यावर बाहेरून मानेचा मोठा स्नायू, म्हणजे स्टर्नोमॅस्टॉइड, अर्धवट पसरलेला असतो. दुसरं असं की बोटं गिळण्याबरोबर वर-खाली फिरवली जातात. बोटंही हलली आणि ग्रंथीही हलली, तर हाताला काय कळणार? थायरॉईडच्या तपासणीचं सगळं कौशल्य मी दोन गोष्टींत मानते: बोटं योग्य पातळीवर ठेवणं, आणि ग्रंथी बोटांखालून सरकेपर्यंत ती तिथेच राहू देणं.

आणखी एक गोष्ट आधीच मनातून काढून टाका. 'काहीच लागलं नाही' हा तुमचा पराभव नव्हे. प्रौढ माणसाची निरोगी ग्रंथी साधारण 15 ते 25 ग्रॅमची. एकेक लोब, म्हणजे ग्रंथीचा उजवा किंवा डावा भाग, 4 ते 5 सेंटिमीटर उंच आणि जेमतेम 2 सेंटिमीटर रुंद. ती मऊ असते. भरलेल्या मानेत ती हाताला न लागणं अगदी स्वाभाविक आहे. उलट सडपातळ, लांब मानेच्या तरुण मुलीत निरोगी ग्रंथीही लागू शकते, म्हणून 'लागली म्हणजे वाढलेली' हेही खरं नाही. त्यामुळे काय सापडेल हे मानेवर अवलंबून आहे: लांबी किती, चरबी किती, वय काय, आधी ऑपरेशन झालं आहे का. म्हातारपणी पाठीला बाक आला किंवा जुनाट दम्याने छाती फुगलेली राहिली की श्वासनलिका खाली उतरल्यासारखी होते आणि ग्रंथीचा खालचा भाग छातीच्या हाडामागे जातो. गरोदरपणात ग्रंथी किंचित मोठी होऊ शकते. हे सगळं लक्षात ठेवून निष्कर्ष काढायचा असतो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे. पेशंटला पाठीला टेकू नसलेल्या स्टुलावर बसवा, म्हणजे तुम्हाला मागे उभं राहायला जागा मिळते. खाटेवर झोपवून थायरॉईड तपासू नका. फार मोठा गलगंड असेल तर आडवं झाल्यावर श्वासही अडू शकतो. गळा हनुवटीपासून दोन्ही कॉलर बोनपर्यंत उघडा हवा. शर्टाची वरची दोन बटणं, ओढणी, पदर, स्कार्फ. मंगळसूत्र काढा असं सांगू नका. अनेकींना ते आवडत नाही आणि गरजही नसते. "मागे सरकवून धरा" एवढं पुरतं. स्त्री पेशंट असेल तर नर्स किंवा तिच्या घरचं कुणी जवळ असू द्या. आणि मागे जाण्याआधी सांगा: "आता मागून गळ्याला हात लावणार आहे, दाबणार नाही, दुखलं तर लगेच सांगा." न सांगता मागून गळ्यावर हात आला की कोणीही मान आखडून घेतो, आणि मान आखडली की स्नायू ताठ होतात, मग तपासणी संपली.

पेल्यात पाणी हवंच. नुसतं "गिळा, गिळा" म्हणत राहिलं की दोन-तीन वेळांनंतर तोंड कोरडं पडतं आणि पेशंटला आवंढा येईनासा होतो. सांगायची पद्धत अशी: "एक घोट तोंडात घ्या, गिळू नका, मी सांगितलं की गिळा." निर्जळी उपवास असेल किंवा रोजा असेल तर पाण्याचा आग्रह नको, आवंढ्यावर भागवा, मधे थोडा वेळ जाऊ द्या.

हात लावण्याआधी बघा. हे सगळे म्हणतात आणि फार थोडे करतात. समोर बसा, डोळे पेशंटच्या गळ्याच्या पातळीवर. मान किंचित मागे झुकलेली हवी, फार नाही. फार मागे नेली की कातडी आणि पुढचे स्नायू ताणले जाऊन छोटी गाठ लपते. उजेड समोरून नको, एका बाजूने तिरका हवा, म्हणजे उंचवट्याची सावली पडते. वॉर्डातली ट्यूबलाइट नेमकी डोक्यावर असेल तर टॉर्च बाजूने धरा. घोट गिळायला सांगा आणि क्रिकॉइडच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या कडक वलयाच्या, खालच्या भागाकडे पाहा: काही वर जातंय का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, वर गेल्यावर त्याची खालची कड दिसते का. मग बाजूने पाहा. क्रिकॉइडपासून छातीच्या हाडावरच्या खळगीपर्यंतची रेषा बाजूने जवळजवळ सरळ दिसायला हवी. मधे 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फुगवटा असेल तर गलगंडाची शक्यता बरीच वाढते. बाजूने पाहायला काही सेकंद लागतात, पण हाताला शंका असते तेव्हा निर्णय बऱ्याचदा याच नजरेने लागतो. गळ्यावर आडवा बारीक व्रण आहे का तेही पाहा. कातडीच्या घडीत तो सहज लपतो आणि जुनं ऑपरेशन सांगायला पेशंट विसरतात. छातीवरच्या शिरा फुगलेल्या दिसल्या तर तिथेच नोंद करा, पुढे उपयोगी पडेल.

मान आखूड आणि जाड असेल तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफून डोकं त्या हातांवर मागे दाबायला सांगा. ग्रंथी थोडी पुढे येते. पिझिलोची पद्धत म्हणतात ती हीच.

आता मुख्य काम: पातळी शोधणं. हे मी समोरूनच करते, डोळ्यांनी दिसत असताना. तर्जनी हनुवटीखाली मध्यरेषेत ठेवा आणि सरळ खाली या. पुरुषांत कंठमणी लगेच लागतो. त्याच्या खाली उतरलात की एक मऊ फट लागते, तिच्या खाली पुन्हा कडक, बांगडीसारखं वलय: हा क्रिकॉइड. त्याच्या लगेच खाली, अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर, ग्रंथीचा मधला पूल असतो, इस्थमस. तो श्वासनलिकेच्या साधारण दुसऱ्या ते चौथ्या कड्यावर आडवा असतो. स्त्रियांत कंठमणी फार पुढे आलेला नसतो आणि कधी कधी सगळ्यात ठळक लागतं ते क्रिकॉइडच. त्याला कंठमणी समजून आणखी खाली गेलात तर इस्थमसही हातातून निसटतो. गोंधळ झाला तर खालून या: छातीच्या हाडावरच्या खळगीत बोट ठेवून वर सरका, श्वासनलिकेची कडी एकेक करत लागतील, पहिलं ठळक कडक वलय तेच क्रिकॉइड. ही पातळी स्वतःच्या गळ्यावर रोज आरशासमोर शोधा. आठवडाभरात बोटांना वाट पाठ होते आणि मग मागून तपासताना दिसण्याची गरज उरत नाही.

मग मागे जा. मान पेशंटने किंचित पुढे झुकवलेली हवी. पाहताना मागे आणि चाचपताना पुढे, हा फरक परीक्षेत नेमका विचारतात. कारण साधं, पुढे झुकवली की स्नायू सैल पडतात. अंगठे मानेच्या मागच्या बाजूला अलगद टेकवा आणि बाकीची बोटं दोन्ही बाजूंनी पुढे आणा. बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही, शेवटच्या पेराच्या गादीने जाणवून घ्यायचं. नखं कापलेली हवीत हे वेगळं सांगायला नको. क्रिकॉइड शोधा, त्याखाली इस्थमसवर बोटं टेकवा, "गिळा" म्हणा. मऊ पट्टा बोटांखालून वर सरकून परत येतो. मग बोटं इस्थमसवरून बाहेर, श्वासनलिका आणि स्टर्नोमॅस्टॉइड यांच्यामधल्या खाचेत न्या. लोब तिथे असतो.

लोब एका वेळी एकच तपासा. दोन्ही बाजूंनी सारखं दाबलं की ग्रंथी मधल्यामधे दबते आणि काहीच कळत नाही. शिवाय दोन्ही बाजूंच्या कॅरोटिडवर, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्यांवर, एकदम दाब येतो, म्हाताऱ्या माणसाला त्याने भोवळ येऊ शकते. उजवा लोब पाहायचा असेल तर डोकं उजवीकडे किंचित झुकवा, म्हणजे उजवा कान उजव्या खांद्याकडे. चेहरा वळवून घेऊ नका, झुकवा: उजवा स्टर्नोमॅस्टॉइड सैल पडतो तो झुकवल्याने, चेहरा उजवीकडे वळवला तर तो उलट ताणला जातो. डाव्या हाताच्या बोटांनी श्वासनलिका आणि डावा लोब हळूच उजवीकडे ढकला, त्यामुळे उजवा लोब स्नायूखालून बाहेर येतो. उजव्या हाताची बोटं त्यावर स्थिर ठेवा आणि घोट गिळायला सांगा. डाव्या बाजूसाठी हेच उलट.

तुमचा प्रश्न होता की सगळंच वर जातं. बरोबर आहे, जातंच. ग्रंथी प्रीट्रेकियल फॅसियाच्या, म्हणजे श्वासनलिकेपुढच्या पातळ पडद्याच्या, वेष्टनात असते आणि बेरीच्या लिगामेंट नावाच्या बंधाने क्रिकॉइड व श्वासनलिकेला घट्ट बांधलेली असते. स्वरयंत्र वर उचललं गेलं की तिला बरोबर जावंच लागतं. पण बोटं क्रिकॉइडखाली स्थिर असतील तर कडक कूर्चा बोटांच्या वर निघून जाते आणि बोटांखालून सरकतं ते मऊ, बाजूला वळलेलं, खालची कड असलेलं काही तरी. तीच थायरॉईड. स्नायू, चरबी, त्वचेतली गाठ आणि मानेच्या बाजूच्या बहुतेक लसिकाग्रंथी गिळताना वर जात नाहीत. जाड मानेच्या माणसाच्या गळ्यात पुढे चरबीचा थर असतो, तो लांबून थेट गलगंडासारखा दिसतो. पाण्याच्या एका घोटाने त्याचा निकाल लागतो. उलट बाजूही सांगते: थायरॉग्लॉसल सिस्ट (जिभेपासून थायरॉईडपर्यंतच्या गर्भातल्या नळीच्या अवशेषाची गाठ) आणि श्वासनलिकेला चिकटलेली लसिकाग्रंथीही गिळताना वर जाते. आणि खूप मोठा गलगंड जागेत अडकलेला असेल, कॅन्सर आजूबाजूला पसरलेला असेल, रीडेलचा थायरॉइडायटिस (ग्रंथी तंतुमय, कडक होणारा दुर्मीळ आजार) असेल किंवा आधीच्या ऑपरेशनने सगळं चिकटलेलं असेल, तर थायरॉईड असूनही ती वर जात नाही.

गाठ मध्यरेषेत असेल तर जीभ बाहेर काढायची चाचणी करा, पण नीट. आधी तोंड उघडायला सांगा, गाठ अंगठा आणि तर्जनीत धरा, आणि मग जीभ बाहेर काढायला सांगा. तोंड उघडणं आणि जीभ काढणं एकदम केलं तर जबड्याच्या हालचालीचा झटका लागतो आणि प्रत्येक गाठ 'पॉझिटिव्ह' वाटते. जिभेबरोबर वर ओढ जाणवली तर थायरॉग्लॉसल सिस्ट.

मागून झालं की पुन्हा समोर या. इथे लाहेची पद्धत उपयोगी: एका हाताच्या अंगठ्याने एक लोब दुसऱ्या बाजूला ढकला आणि दुसऱ्या हाताने त्या बाजूचा लोब मागच्या कडेपर्यंत चाचपा. छोटी गाठ शंकास्पद असेल तर नुसता अंगठा त्या जागेवर ठेवून गिळायला सांगा. क्राइलची पद्धत ती हीच. मागून की समोरून, यावर लोक वाद घालतात. माझ्या मते आकार मागून कळतो, एका गाठीचा तपशील समोरून कळतो. परीक्षेत दोन्ही करा. ओपीडीत ज्याची सवय आहे ते करा, फक्त दरवेळी तेच करा, म्हणजे पुढच्या खेपेला बदल जाणवतो.

गाठ सापडली की तिच्याबद्दल बोलता आलं पाहिजे. जागा: कोणता लोब, वरचं टोक, मध्य की खालचं टोक, की इस्थमस. आकार सेंटिमीटरमध्ये, उभा आणि आडवा, पट्टीने मोजून; लिंबाएवढी, बोराएवढी असं लिहू नका, बोरं सगळ्या मापांची येतात. पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, एक गाठ की अनेक, कड स्पष्ट की नाही, दुखते का, कातडीला आणि स्नायूला चिकटली आहे का. स्नायूशी नातं पाहायला पेशंटची हनुवटी विरुद्ध बाजूला वळवून तुमच्या हातावर दाबायला सांगा; स्टर्नोमॅस्टॉइड ताठ होतो आणि त्याखालची थायरॉईडची गाठ कमी उठून दिसते.

कडकपणा शिकवायला एक जुनी युक्ती चांगली आहे: ओठ म्हणजे मऊ, नाकाचा शेंडा म्हणजे घट्ट, कपाळ म्हणजे कठीण. कोलॉइड गलगंड (चिकट द्रव साठून झालेला साधा गलगंड) आणि ग्रेव्ह्ज (ग्रंथी जास्त हार्मोन करते तो आजार) बहुधा मऊ. हाशिमोटो (प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते ती जुनाट सूज) घट्ट, रबरासारखा, थोडा खडबडीत, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना. पुष्कळदा पिरॅमिडल लोबही, म्हणजे इस्थमसपासून वर जाणारा छोटा भाग, हाताला लागतो. कठीण लागली की कॅन्सर मनात यायलाच हवा, पण जुन्या बहुगाठी गलगंडात चुना साठला की तोही दगडासारखा लागतो, आणि ताणून भरलेली सिस्टही फसवते. म्हणजे कठीणपणा ही शंका आहे, निदान नव्हे. दुखरी ग्रंथी, सोबत ताप आणि कानापर्यंत जाणारी कळ: सबॲक्यूट थायरॉइडायटिस, म्हणजे ग्रंथीची दुखरी सूज. अशा पेशंटला पुन्हा पुन्हा दाबून दाखवू नका. वॉर्डात आठ विद्यार्थ्यांनी रांगेने दुखरी मान चाचपणं हा छळ आहे. एकाच गाठीत अचानक दुखणं आणि सूज आली असेल तर सिस्टमध्ये रक्तस्राव झाला असण्याची शक्यता जास्त.

आता एक गोष्ट, जी सगळ्यात जास्त विसरली जाते आणि जिच्यावर पुढचं ऑपरेशन ठरतं: खालची कड. मान थोडी मागे, गिळायला सांगा, आणि ग्रंथी वर गेलेली असताना बोट तिच्या खाली घालता येतं का पाहा. घालता आलं तर गलगंड मानेतच आहे. नाही आलं तर तो छातीच्या हाडामागे उतरला असावा. मग दोन्ही हात सरळ वर, दंड कानाला टेकतील असे धरायला सांगा आणि एक मिनिट थांबा. चेहरा लाल-जांभळा झाला, मानेच्या शिरा फुगल्या किंवा श्वासात घरघर आली तर पेम्बरटनचं लक्षण पॉझिटिव्ह: छातीच्या वरच्या तोंडाशी ग्रंथी अडकून शिरा किंवा श्वासनलिका दाबते आहे. धाप लागली तर मिनिट पूर्ण होण्याची वाट पाहू नका, हात खाली घ्यायला लावा. हाडावर बोटाने ठोकून बद्द आवाज शोधणं परीक्षेसाठी दाखवा, निर्णय मात्र त्यावर घेऊ नका. हाडामागे किती उतरली ते सीटी स्कॅन सांगतो.

श्वासनलिका मध्ये आहे का ते खळगीत बोट घालून पाहा. एका बाजूचा मोठा लोब तिला दुसरीकडे ढकलतो. कॅरोटिड दोन्ही बाजूंना पाहा, पण एका वेळी एकच: मोठा साधा गलगंड तिला मागे-बाहेर सरकवतो, ठोका तिथे लागतो; कॅन्सरने वेढली तर ठोका लागेनासा होतो, ते बेरीचं लक्षण. कोखरची चाचणी, म्हणजे दोन्ही लोब बाजूने दाबून श्वासात घरघर येते का पाहणं, ही विचारली तर सांगा. ज्याला आधीच धाप आहे त्याच्यावर करू नका. त्याचं उत्तर एक्स-रे किंवा सीटीत मिळतं, त्यासाठी पेशंटला घुसमटवण्याचं कारण नाही.

मानेच्या लसिकाग्रंथी दोन्ही बाजूंना, जबड्याखालून कॉलर बोनच्या वरपर्यंत, आणि मध्यरेषेत क्रिकॉइडच्या लगेच वर. पॅपिलरी कॅन्सर लसिकाग्रंथींत लवकर जातो. तरुण पेशंटमध्ये कधी कधी थायरॉईडमधली गाठ हाताला लागत नाही आणि फक्त मानेच्या बाजूची लसिकाग्रंथी मोठी होते. आपल्याकडे अशी ग्रंथी दिसली की पहिला विचार टीबीचा होतो आणि तो चूक नाही, पण तेवढ्यावर औषधं सुरू करण्याआधी थायरॉईडवरून एकदा हात फिरवा आणि सुईने तपासणी करून घ्या. फॉलिक्युलर कॅन्सर रक्तातून पसरतो, म्हणून गलगंडाच्या पेशंटने हाडदुखी सांगितली किंवा डोक्याच्या कवटीवर गाठ दाखवली तर ते वेगळं प्रकरण समजू नका.

स्टेथोस्कोप: बेल, म्हणजे छोटी वाटीसारखी बाजू, वापरा, लोबच्या वरच्या टोकावर ठेवा, कारण सुपिरियर थायरॉईड धमनी तिथे शिरते. श्वास रोखायला सांगा, नाही तर श्वासनलिकेचाच आवाज ऐकत बसाल. ग्रेव्ह्जमध्ये फुत्कारासारखा आवाज, ब्रुई, येतो. हृदयाकडून वर आलेला आवाज खाली हृदयाकडे जाल तसा मोठा होतो, आणि शिरेतला गुणगुणता आवाज ज्युग्युलर शीर हलके दाबली की बंद पडतो. एवढा फरक करता आला तर पुरे.

इथपर्यंत ग्रंथीचा आकार झाला. ती काम किती करते हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर गळ्यात मिळत नाही. प्रचंड गलगंड असूनही टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन, रक्तात मोजतात) नॉर्मल असतो आणि हाताला न लागणारी ग्रंथी माणसाला पार थंड करून टाकते. म्हणून हात बघा: तळवा गरम आणि ओलसर की थंड आणि कोरडा. हात पुढे पसरून बोटं फाकवायला लावा, वर कागद ठेवा, बारीक थरथर असेल तर कागदाची कड थरथरते. नाडी एक मिनिट मोजा, अनियमित आहे का पाहा. वयस्क माणसात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, हेच थायरॉईडचे हार्मोन वाढल्याचं एकमेव लक्षण असू शकतं. झोपेतली नाडी 90 च्या आत असेल तर सौम्य, 90 ते 110 मध्यम, 110 च्या वर तीव्र, ही जुनी वर्गवारी विचारतात. उकिडवं बसून हाताचा आधार न घेता उठता येतं का पाहा. घोट्याचा रिफ्लेक्स: हायपोथायरॉईडमध्ये (हार्मोन कमी पडतात तेव्हा) पाय झटक्यात जातो पण परत सावकाश येतो, आणि तो पाहायला पेशंटला खुर्चीवर गुडघ्यांवर टेकवून पावलं मोकळी लोंबती ठेवली तर फार छान दिसतो.

डोळ्यांची लक्षणं नावांसकट पाठ करता, ठीक आहे. पण एक फरक पक्का ठेवा. वरची पापणी ओढलेली दिसणं आणि नजर खाली नेताना पापणी मागे राहणं हे कोणत्याही कारणाने हार्मोन वाढले तरी होतं. डोळा खरोखर पुढे येणं हे ग्रेव्ह्जचं. ते ठरवायला पेशंटच्या मागे उभं राहून कपाळावरून खाली पाहा. बुबुळ भुवईच्या कडेच्या पुढे डोकावतं. पापणी तपासताना तुमचं बोट संथ न्या, झपाट्याने नेलंत तर निरोगी माणसाचीही पापणी मागे राहिल्यासारखी वाटते.

आवाज ऐकायला विसरू नका. तो पेशंट बोलतोच आहे. घोगरा आवाज आणि गाठ एकत्र असेल तर रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह (स्वररज्जू हलवणारी नस) अडकली असण्याची शंका घ्या. ऑपरेशन ठरलं तर आवाज चांगला असला तरी स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून घेतात, कारण एका बाजूची स्वररज्जू लुळी असूनही आवाज नॉर्मल राहू शकतो.

कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये तुम्हाला शाळेतल्या मुलांची गलगंड पाहणी करावी लागेल, तिथे एवढं सगळं करायला वेळ नसतो. देशात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, 1992 मध्ये त्याचं नाव बदलून आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम झालं. त्या पाहण्या 6 ते 12 वर्षांच्या मुलांमध्ये होतात. तिथे तीनच श्रेणी: शून्य म्हणजे हाताला लागत नाही आणि दिसत नाही, एक म्हणजे हाताला लागते, पण मान सरळ असताना दिसत नाही, दोन म्हणजे मान सरळ असतानाही दिसते. लोब मोठा मानायचा तो त्याच मुलाच्या अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा मोठा असेल तर, तुमच्या अंगठ्याच्या नव्हे. हे चुकलं की अख्ख्या गावाचे आकडे चुकतात. श्रेणी शून्य आणि एक यांच्या सीमेवर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, ते गृहीतच धरा. आकडा महत्त्वाचा असेल तिथे सोनोग्राफीने आकारमान मोजतात. प्रौढांत स्त्रियांसाठी 18 आणि पुरुषांसाठी 25 मिलिलिटरच्या आत नॉर्मल धरतात.

हाताच्या मर्यादेबद्दलही बोलते. एक सेंटिमीटरपेक्षा लहान किंवा मागच्या बाजूला असलेली गाठ चांगल्या हातालाही सहसा लागत नाही. हाताला एकच लागलेली गाठ सोनोग्राफीत अनेकदा चार गाठींपैकी सगळ्यात मोठी निघते. म्हणून केसपेपरवर 'सॉलिटरी नोड्यूल', म्हणजे एकच गाठ, लिहिताना आधी 'क्लिनिकली', म्हणजे हाताने तपासून, लिहा. परीक्षकही तोच शब्द शोधत असतात. मग तपासणी कशाला करायची, असं विचाराल तर: सोनोग्राफी कोणाची आणि किती घाईने करायची हे हातच ठरवतो. झपाट्याने वाढणारी गाठ, श्वासाची घरघर, बदललेला आवाज, कठीण आणि न हलणारी गाठ, सोबत लसिकाग्रंथी, लहान मुलातली गाठ: यांना पुढच्या महिन्याची तारीख द्यायची नसते. घरघर असेल तर त्याच दिवशी वरच्या हॉस्पिटलात. बाकीच्यांना आधी टीएसएच आणि सोनोग्राफी. टीएसएच कमी आला तर थायरॉईडचा न्यूक्लियर स्कॅन, नाही तर सोनोग्राफीतल्या रूपावरून सुईची तपासणी.

नामांकित चाचण्यांचं म्हणाल तर रोजच्या ओपीडीत मी गिळणं, लोब एकेक करून चाचपणं, खालची कड, श्वासनलिका, लसिकाग्रंथी आणि गरज पडली तर पेम्बरटन एवढंच करते. सवय झाली की दोन-तीन मिनिटांचं काम. परीक्षेत बाकीची नावं विचारतील, तेव्हा नाव सांगून थांबू नका, ती कशासाठी करतात ते एका वाक्यात सांगा.

नोंद कशी लिहायची त्याचा नमुना देते, यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही तपासली असेल तरच लिहा: "क्लिनिकली उजव्या लोबच्या खालच्या टोकाला एक गाठ, 3 बाय 2 सेंटिमीटर, गुळगुळीत, घट्ट, न दुखणारी, गिळताना वर जाते, जिभेबरोबर नाही. खालची कड हाताला लागते. डावा लोब लागत नाही. श्वासनलिका किंचित डावीकडे. कॅरोटिड दोन्ही बाजूंना लागते. मानेच्या लसिकाग्रंथी लागत नाहीत. ब्रुई नाही. आवाज नॉर्मल. नाडी 78, नियमित, हाताला थरथर नाही." शेजारी गळ्याचं छोटं रेखाचित्र काढून त्यात गाठ दाखवा आणि तारीख घाला.